सोजर जिचं नाव घेत नव्हती

आमची नातसून नवऱ्याला नावानं हाक मारते. परवा ती आतून ओरडली, "रोहित, दूध उतू चाललंय, बघ जरा," आणि आमचा रोहित बघायला गेलासुद्धा. माझी सून माझ्या तोंडाकडं बघायला लागली, की आता म्हातारी काहीतरी बोलणार. मी कशाला बोलू? मला हसू येत होतं. मला सोजर आठवली होती.

आमच्या वेळेला नवऱ्याचं नाव घ्यायचं नसायचं. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. हळदीकुंकवात फारच आग्रह झाला तर ओळीत गुंफून एकदा घ्यायचं, तेवढंच. सरकारी माणसानं विचारलं तर शेजारच्या बाईला कोपर मारायचं, "सांग गे," आणि तिनं आपल्या वतीनं सांगायचं. मी माझ्या मालकांचं नाव पहिल्यांदा घेतलं ते त्यांच्या माघारी, रेशनच्या दुकानात. घरी येऊन कितीतरी वेळ चुलीपुढं नुसती बसून होते.

आणि ही सोजर. भर रस्त्यात उभी राहून ओरडायची, "ए बळीराम, म्हैस सुटली!" म्हाताऱ्या कानावर हात ठेवायच्या. कुणीतरी तिला समजावलं, "अगं, आयुष्य कमी होतं त्याचं." तर म्हणाली, "बघू की. लगीन झाल्यापासून घेऊन राहिले, अजून तर काई फरक न्हाई."

जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. लातूर म्हणजे आमच्या लेखी नुसती बाजारपेठ. आमची गावात पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. मी शाळेत गेले नाही. बायकांच्या डब्यांवर खडूनं नावं लिहून लिहून मला अक्षरं आली. गिरणीवर बसलं की गाव कळतं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या घरी दाणे संपलेत, सगळं पाटीतच दिसतं. सोजर मला शकूबाई कधी म्हणाली नाही. "गिरणीवाली" म्हणायची, अगदी शेवटपर्यंत.

बुटकी होती. खांदे रुंद, चाल अशी की मागून येणाऱ्याला धाप लागावी. चिंचेचा कोवळा पाला पदरात असायचाच, येता-जाता चघळत राहायची. पुरुषासारखी तोंडानं शीळ घालायची, आणि म्हशी त्या शिळेला यायच्या. डाव्या भुवईवर एक खूण होती, चाबकाच्या दांडीची. बळीरामची ती दुसरेपणाची बायको. पहिली बाळंतपणात गेली म्हणून वर्षाच्या आत देगलूरकडची ही पोरगी आणली, घरात काम पडलं होतं म्हणून. बळीराम दारूडा नव्हता, बाहेरख्याली नव्हता. तो बोलायचाच नाही. मारायचा तेही काम उरकल्यासारखं, आणि मग जेवायला बसायचा. हिला मूल झालं नाही, तेव्हा सासूनं बोलायचं काम अंगावर घेतलं. सोजर म्हणायची, "एक बोलत न्हाई, एक गप बसत न्हाई. मधी मी."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दळायलाच दाणा नाही, आमची गिरणी बंद. गावाबाहेर माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं आणि आम्ही सगळ्या घण घेऊन तिकडं गेलो. ज्यांच्या घरच्या बायका कधी उंबऱ्याबाहेर कामाला गेल्या नव्हत्या त्याही, आणि बौद्ध वस्तीतल्याही, एकाच माळावर. काम जोडीनं असायचं. एकीनं फोडायचं, एकीनं पाट्या भरून ढीग घालायचा. ज्या त्या आपापल्या गल्लीतली जोडीदारीण धरून बसल्या. सोजरची मोठी जाऊ म्हणाली, "मी हिच्यासंगं न्हाई, ही बडबड्या तोंडाची." तशी सोजर एकटी उरली. वस्तीतली केवळाही एकटीच उरली होती. मुकादमानं दोघींना हातानं खूण केली, झाली जोडी.

केवळा म्हणजे सोजरच्या अगदी उलट. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. हसली तरी नुसते डोळे हसायचे. नवरा किसन नांदेडला गिरणीत कामाला, म्हणजे कापडाच्या गिरणीत. तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली होती. वर्षातून एकदा यायचा, हिनं साठवलेलं काय असेल ते घेऊन जायचा. एक बाळ झालं होतं, ते बारशाच्या आधीच गेलं. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, सोजरनं सांगितलं.

सोजर दगडांना नावं द्यायची. "ही माझी सासू," म्हणायची आणि घण घालायची. "आता ही मोठी जाऊ. लई कठीन हाय, दोन घावात जायची न्हाई." आम्ही पोट धरून हसायचो, त्या उपाशी पोटानं. मी एकदा विचारलं, "आन् बळीराम कुठं हाय गं?"

"त्याला कशाला दगड म्हनू?" सोजर म्हणाली. "दगड कामाला येतो."

केवळा खडी भरता भरता थांबली आणि पहिल्यांदा आवाज काढून हसली. सोजर तिच्याकडं बघतच राहिली. घण तसाच हवेत.

माळावर पाणी म्हणजे घरून आणलेली घागर. आमच्या घागरी एका बाजूला, वस्तीतल्या दुसऱ्या बाजूला. एका दुपारी सोजर उठली, सरळ तिकडं गेली आणि केवळाच्या घागरीतलं पाणी प्याली. जावेनं ते घरी पोचवलं. सासूनं तिला कितीतरी दिवस ओसरीवर जेवायला वाढलं. सोजर सासूला म्हणाली, "मला तहान लागली होती. तुमच्या घागरीला झाकन होतं, तिच्या घागरीला न्हवतं." आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच प्याली.

खडीची कपची हातात घुसायची. बाभळीच्या काट्यानं ती काढायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सरकारी वाटपाची सुकडी आणायला निघाले, तर दगडांच्या ढिगाआड ह्या दोघी. केवळानं सोजरचा पंजा मांडीवर घेतला होता आणि वाकून कपची काढत होती. कपची निघाली. तिनं फुंकर घातली. मग त्या तळव्यावर आपला गाल ठेवला आणि तशीच बसून राहिली. सोजरनंही हात मागं घेतला नाही. मी काही कमी संसार केला नाही. नवऱ्याच्या पायातले काटे काढलेत, त्यानं माझ्या पायातले काढलेत. पण असा काटा कुणी काढताना मी बघितला नव्हता. मी दुसऱ्या वाटेनं गेले.

पुढं मुकादम बदलला. नवा आला तो सगळ्यांना पुन्हा विचारायला लागला.

"नाव?"

"सोजर."

"नवऱ्याचं?"

"बळीराम." बायका खुसखुसल्या.

"जोडीला कोन?"

आणि सोजर अडली. केवळा तिथंच हाताच्या अंतरावर उभी. सोजरचे कान लाल झाले. तिनं मला कोपर मारलं. "सांग गे."

"आता तुला काय झालं?"

"सांग म्हनते ना."

मी सांगितलं, "केवळा." मुकादम पुढं गेला. मला तिथं काही कळलं नाही. संध्याकाळी घरी रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी थापता थापता एकदम कळलं आणि माझी भाकरी तव्यावर करपली. त्या गोष्टीला माझ्याजवळ तेव्हा शब्द नव्हता. पण आपण कुणाचं नाव घेत नाही, ते मला ठाऊक होतं.

पाऊस आला, काम बंद झालं, गिरणी सुरू झाली. आता एका गल्लीतल्या बाईनं दुसऱ्या गल्लीतल्या बाईला भेटायचं कुठं? भेटायचं तर गिरणीवर. सोजर आणि केवळा एकाच वेळेला यायच्या, कशा ठरवायच्या देव जाणे. आता गिरणीचं एक सांगते. आधीच्या बाईचं मूठ-दोन मूठ पीठ जात्यात राहतं, ते पुढच्या बाईच्या पिठात येतं. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका आधी खात्री करायच्या, "वस्तीतलं तर न्हाई ना झालं आत्ता?" आणि सोजर मला म्हणायची, "माझं तिच्या मागून टाक." केवळाची पाटी रिकामी झाली की लगेच हिची. एक दिवस मध्येच सरपंचाच्या घरचं दळण आलं, मी ते पुढं घेतलं, तर सोजर आपली पाटी उचलून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी केवळाबरोबर परत आली.

मी म्हटलं, "सोजर, मूठभर पिठासाठी एवढं?"

"तेवढंच मिळतंय मला," ती म्हणाली.

अशी वर्षं गेली. दहाएक वर्षं त्या दोघींनी त्या मूठभर पिठावर काढली म्हटलं तरी चालेल. रानात कधी गाठ पडत असेल, नाही म्हणत नाही. मी विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात किसन आला आणि ह्या खेपेला केवळालाच घेऊन गेला. नांदेडची ती दुसरी बाई त्याला सोडून गेली होती, भाकरी टाकायला कुणी नव्हतं. केवळा जाताना गिरणीवर आली. दळण नव्हतं हातात. नुसती जात्याजवळ उभी राहिली, आणि जाताना मला म्हणाली, "तिला सांभाळ." बस.

सोजर त्यानंतर यायची, पण शीळ गेली. पाटी खाली ठेवायची आणि बसायची.

"कुनाच्या मागून टाकू गं?" मी विचारायची.

"कुनाच्या बी टाक."

एक दिवस इंजिन जोरात चाललं होतं, पट्टा फडफडत होता, चार बायका बसलेल्या. गिरणीच्या आवाजात शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही, पण आम्हा गिरणीवाल्यांना ओठांवरून कळतं. सोजर माझ्यासमोर उभी राहून बोलली, सगळ्यांच्या मधोमध, कुणालाही ऐकू न जाता. "मला ती पायजे."

मी ओठांनीच म्हटलं, "खुळी झालीस का? नांदेड लांब हाय."

"लांब असू दे. ती तिथं हाय ना."

तेवढ्यातच लातूर जिल्हा झाला. गावागावात पेढे वाटले, कुणी कुणी लातुरात जागा बघायला लागलं. कचेऱ्या उठणार, घरं उठणार, कामं निघणार. बळीरामच्या एका सोयऱ्यानं तिथं बांधकामाचं काम धरलं होतं. त्यानं बळीरामला देखरेखीला बोलावलं आणि मजुरांचा स्वयंपाक सोजरनं करायचा ठरलं. सोजरला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. आणि लातूर म्हणजे नांदेडच्या बरोबर उलट्या दिशेला. आज ना उद्या केवळा सणासुदीला गावात येईल, ही जी आशा होती तीही गेली.

निघायच्या आदल्या दिवशी सोजर दळण घेऊन आली. ते पीठ तिनं नेलंच नाही. म्हणाली, "राहू दे. तिकडं मिळंल." मी आपली समजले, लातूरला मिळेल.

आता पुढचं मी बघितलं नाही, पण आमच्या भागात ते इतक्यांदा सांगितलं गेलंय की बघितल्यासारखंच आहे. आमच्यात नवरा पुढं चालायचा आणि बायको मागं. पुढं चालणारा मागं वळून बघायचा नाही. बघितलं तर लोक म्हणणार, बायकोवेडा झाला. बळीराम तर उभ्या जन्मात वळला नाही. उदगीरच्या स्टँडवर तो पुढं, डोक्यावर ट्रंक. मागं सोजर, पदर नाकापर्यंत. लातूरची गाडी लागली होती. बळीराम चढला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. बायका पुढं बसायच्या, तेव्हा पुढं पदर घेतलेल्या चार पाठी दिसत होत्या, त्यातली एक आपली, असं त्यानं धरलं. दोन तिकिटं काढली. नळेगावला गाडी थांबली, खाली उतरून चहा प्याला. बाईमाणूस काय पिणार, म्हणून विचारलंही नाही. लातूरला ट्रंक घेऊन उतरला आणि चालायला लागला. म्हणतात, बांधकामाच्या जागेवर पोचला तेव्हा सोयऱ्यानं विचारलं, "वैनी कुठं हाईत?" तेव्हा बळीरामनं आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

सोजर त्या वेळेला नांदेडच्या गाडीतून उतरून किसनचं घर शोधत होती. तिथंही तिनं केवळाचं नाव घेतलं नाही. कापडाच्या गिरणीमागच्या वस्तीत दारोदार विचारत हिंडली, "किसनची बायको कुठं राहती?" मला नंतर म्हणाली, "त्या मानसाचा तेवढाच उपेग झाला." तिथनं दोघी मिळून निघाल्या.

गावात मग जे व्हायचं ते झालं. बाई पळाली, इथपर्यंत लोकांनी पचवलं असतं. पुरुषाबरोबर पळालेल्या बायका गावानं बघितल्या होत्या. पण बाईबरोबर, आणि त्यातून वस्तीतल्या? सासूनं तिची भांडी उकिरड्यावर टाकली. सोजरचा भाऊ देगलूरहून आला, सगळ्यांसमोर आंघोळ केली आणि बहीण मेली म्हणून गेला. वस्तीतलेही केवळावर रागावले. त्यांना भीती, की हिच्यापायी आपली घरं जळतील. माझ्या गिरणीवर बायका पंधरवडाभर तेच दळत होत्या. मी इंजिन मोठं करायची.

काही वर्षांनी माझ्या भाचीला अर्धापूरकडं दिली. लग्नाला गेले, तर केळीच्या बागेच्या कडेनं जाताना शीळ ऐकू आली. मी गाडी थांबवायला लावली. झापाची एक खोली, केळीची पानं वाळत घातलेली, दाराशी दोन पाट्या एकात एक घातलेल्या. सोजर आतून आली. केस पिकले होते. म्हणाली, "गिरणीवाली! लई उशीर केलास गे माय."

दोघी बागेत मजुरीला होत्या. मालकाला घड उतरवायला माणसं पाहिजे होती, त्यानं जास्त विचारलं नाही. लोकांना बहिणी म्हणून सांगितलं होतं. "तोंडावळा जुळत न्हाई म्हनतात," सोजर म्हणाली. "म्या म्हनलं, आमचे बाप येगळे, नशीब सारखं." किसन एकदा आला होता. सोजर कोयत्यानं पानं कापत होती. तिनं कोयता खाली ठेवला नाही, उगारलाही नाही. म्हणाली, "पानी पी आन् जा." तो पाणी पिऊन गेला. पुन्हा आला नाही.

केवळानं केळफुलाची भाजी केली. एवढं बोलणं चाललं होतं, पण सोजर तिला हाक मारताना "अगं ए," "ऐकलं का" यावरच भागवत होती. मला राहवलं नाही. "अजून नाव घेत न्हाईस हिचं?"

सोजरनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "बळीरामचं घेतलं, काय व्हायचं ते हू दे म्हनून. हिचं कशाला कमी करू?"

"आमच्यात असलं काई मानत न्हाईत," केवळा म्हणाली. "सगळं सोडलं आमी. पर हिला कोन सांगनार?"

"तू नको सांगू. भाजी वाढ."

असं नव्हतं, की सगळं गोड होतं. सोजरची आई वारली ते तिला दोन महिन्यांनी कळलं, बाजारात, एका बांगडीवाल्याकडून. ती तशीच बाजारातून चालत आली आणि बागेत जाऊन बसली. केवळा तिच्याजवळ बसून राहिली, अंधार पडेपर्यंत. हे सांगताना सोजर चिंचेचा पाला निवडत होती. म्हणाली, "माहेर गेलं, ते लई गेलं गिरणीवाली. पर परत कुनी विचारलं, तरी म्या त्याच गाडीत बसंन."

शेवटची मी त्यांना बघितली ती नांदेडच्या दवाखान्यात. माझा मोतीबिंदू काढायचा होता, आणि केवळाचाही. सोजरनं भाचीकडून निरोप धाडला, की एकाच दिवशी जाऊ, तेवढीच सोबत. केवळाला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसत होतं. ती भिंतीकडेच्या बाकावर बसली, आणि सोजर आणि मी खिडकीशी रांगेत उभ्या राहिलो. नंबर आला.

खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

सोजरचं कोपर माझ्या बरगडीला लागलं. माळावर लागलं होतं तस्संच. "सांग गे."

मला सांगता आलं असतं. मी पिशवीत चष्मा शोधायला लागले.

"आजी, नाव सांगा. मागं लोक थांबलेत."

सोजरनं गजाला धरलं. आता डोळ्यात सुरी घालणार, आणि त्याच दिवशी हिनं नाव घ्यायचं. मी बघत होते, ती खरंच भ्याली होती. किसनसमोर न भ्यालेली बाई.

मागून बाकावरून केवळा म्हणाली, "घे की. आता कमी व्हायला राहिलंच काय?"

"तू गप बस. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय."

रांगेतले लोक हसले. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. सोजर हसली नाही. खाली बघून, मंत्र पुटपुटावा तसं म्हणाली, "केवळा."

"काय? मोठ्यानं सांगा."

"केवळा," सोजर म्हणाली. म्हशींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मी बाकाकडं बघितलं. सत्तरीची केवळा. तिनं पदर ओढून नाकापर्यंत घेतला होता आणि तोंड भिंतीकडं वळवलं होतं, नव्या नवरीसारखं. खांदे हलत होते. हसत होती.

बाबू पुढचं विचारत होता, वय काय, गाव कोणतं, तुम्ही कोण लागता. सोजरचं तिकडं लक्षच नव्हतं. ती मागं वळून बाकाकडं बघत उभी होती.